विश्लेषण : ‘सॅप’मधील कोडला ‘ए’ ते ‘डी’ श्रेणी… या अक्षरांचा अर्थ काय?

कारखान्यातील माल, कामगारांचा पगार, पुरवठादारांची देणी, वितरकांची बिले हा कारभार अनेक मोठ्या कंपन्यांमध्ये ज्या प्रणालीवर चालतो ती ‘एसएपी’, म्हणजे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते ती ‘सॅप’. या जर्मन कंपनीने ऑगस्ट २०२५ मध्ये, ग्राहकांनी आपापल्या गरजेनुसार लिहून घेतलेल्या कोडसाठी ‘ए’, ‘बी’, ‘सी’ आणि ‘डी’ अशा चार श्रेणींची पद्धत मांडली. जुन्या ‘सॅप’ची नियमित देखभाल २०२७ अखेर थांबणार असल्याने हिंजवडी, खराडी, ऐरोलीपासून बेंगळूरुपर्यंतच्या डेव्हलपरांसमोर सध्या नव्या आवृत्तीत जाण्याचे काम आहे. त्यात प्रत्येक प्रोग्रामपुढे आता एक अक्षर लागणार आहे. ते अक्षर काय मोजते, काय मोजत नाही आणि त्यावरून निर्णय कसा घ्यावा, याचा हा वेध.

‘क्लीन कोअर’ म्हणजे काय?

‘सॅप’ची स्थापना १९७२ मध्ये, आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच अभियंत्यांनी केली. या प्रणालीचे एक वैशिष्ट्य पहिल्यापासून वेगळे राहिले. तिचा बहुतांश व्यावसायिक कोड ‘अबॅप’ या कंपनीच्याच भाषेत लिहिलेला आहे आणि तो ग्राहकाला नुसता वाचता येतो असे नाही, तर त्यात बदलही करता येतो. बंद डब्यात मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या तुलनेत हे मोठेच स्वातंत्र्य होते. आमच्याकडे बिलावर सवलत अशी लागत नाही, तशी लागते, असे ग्राहकाने सांगितले की डेव्हलपर मूळ प्रोग्राम उघडून पाहणार आणि हवे ते जोडून देणार, ही कामाची रीतच पडली.

ग्राहकाने स्वतः तयार केलेल्या वस्तूंची नावे ‘झेड’ किंवा ‘वाय’ या अक्षराने सुरू व्हावीत, असा संकेत आहे. म्हणूनच या क्षेत्रात ‘झेड प्रोग्राम’ हा शब्द रूढ झाला. ‘क्लीन कोअर’चा आग्रह एवढाच की, ‘सॅप’चा मूळ गाभा आणि ग्राहकाचे ‘झेड’ यांच्यातली सीमा स्पष्ट राहावी. गाभ्याशी बोलायचे असेल तर कंपनीने जाहीर केलेल्या दारातूनच बोलावे. खिडकीतून शिरू नये आणि भिंत तर मुळीच फोडू नये. असे झाले तर गाभा नवा झाला तरी भोवतालचा कोड मोडत नाही.

भारतात ‘झेड’चा पसारा एवढा का?

त्याचे एक कारण आपले बदलते कायदे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा उत्पादन शुल्क, व्हॅट, सेवाकर यांच्यासाठी वर्षानुवर्षे रचलेली मांडणी बदलावी लागली. त्यासाठी जुनी ‘टॅक्सआयएनजे’ ही करप्रक्रिया वापरणाऱ्या कंपन्यांना ‘टॅक्सआयएनएन’कडे जावे लागले. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीसाठी ई-वे बिल आले. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस बंधनकारक झाले आणि ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर आली.

अशा प्रत्येक तारखेला ट्रक गेटवर उभा असतो. बिल निघाले नाही तर माल बाहेर पडत नाही. मग जे सुचेल आणि ज्याने काम भागेल ते लिहिले जाते. घाई संपली तरी तो कोड तसाच राहतो, कारण चालू असलेल्या प्रोग्रामला हात लावण्याचे पैसे कोणी देत नाही. दुसरे कारण आपल्याच सवयीचे आहे. प्रणालीत जी पद्धत तयार आहे ती स्वीकारण्यापेक्षा, आमच्याकडे असेच चालते म्हणून प्रणाली वाकवून घेणे सोपे वाटते.

यात नुकसान होणारे आपणच आहोत असे नाही. युरोपातील ‘लिडल’ या किरकोळ विक्री साखळीने २०१८ मध्ये आपला ‘सॅप’ प्रकल्प गुंडाळला. त्यावर सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. मालसाठ्याचे मूल्य खरेदी किमतीने धरायचे की विक्री किमतीने, या मूलभूत प्रश्नावर कंपनीने आपली रीत सोडली नाही आणि प्रणालीच बदलत नेली, हे त्या अपयशाचे एक कारण म्हणून सांगितले गेले.

आताच घाई कशाची?

जगभरात आजही अनेक ठिकाणी ‘ईसीसी ६.०’ ही जुनी आवृत्ती वापरात आहे. तिच्या अलीकडच्या सुधारणा-संचांची नियमित देखभाल २०२७ अखेरपर्यंत मिळेल आणि जादा शुल्क भरणाऱ्यांना ती २०३० अखेरपर्यंत वाढवून मिळेल, असे कंपनीने फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर केले. त्याआधीच्या संचांची मुदत २०२५ अखेरच संपली. पुढची आवृत्ती म्हणजे फेब्रुवारी २०१५ मध्ये आलेली ‘एस/४ हाना’.

अडचण अशी की, हे स्थलांतर म्हणजे नुसता सर्व्हर बदलणे नाही. नव्या आवृत्तीत डेटाची मांडणीच वेगळी आहे. मालाच्या हालचालींची नोंद पूर्वी ‘एमकेपीएफ’ आणि ‘एमएसईजी’ या दोन टेबलांत होत असे. ती आता ‘मॅटडॉक’ या एका टेबलात होते. जमाखर्चाच्या नोंदी ‘अकडोका’ या टेबलात एकत्र आल्या. ग्राहक आणि पुरवठादार यांची माहिती ‘बिझनेस पार्टनर’ या एकाच सूत्रात आली. वस्तूच्या क्रमांकाची लांबी १८ वरून ४० अक्षरांपर्यंत वाढवता येते. ज्या ‘झेड’ कोडने जुनी मांडणी गृहीत धरली, तो येथे अडखळतो. किती कोड अडखळेल आणि तो दुरुस्त करायला किती दिवस लागतील, हे आधीच कळावे यासाठी श्रेणी हव्यात.

चार श्रेणी कोणत्या?

सोसायटीतील फ्लॅटचे उदाहरण घेऊ. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये पंखा लावला तर कोणाची हरकत नसते. बिल्डरच्या जुन्या नकाशात दाखवलेली वायर वापरली तरी सहसा धोका नसतो. नकाशात नसलेल्या, भिंतीतून गेलेल्या पाइपला जोड दिला तर पुढच्या दुरुस्तीत तो कोणालाही न कळता तुटू शकतो. आणि खोली मोठी करायला कॉलमच तोडला तर भार इमारतीवर येतो. चार श्रेणींचा क्रम असाच आहे.

श्रेणी ए : येथे कोड केवळ ‘सॅप’ने अधिकृतपणे खुल्या केलेल्या एपीआय आणि विस्तारबिंदूंचा वापर करतो. या एपीआयसोबत स्थैर्याचा करार असतो, म्हणजे पुढच्या आवृत्तीत त्या आहेत तशा चालतील ही कंपनीची बांधिलकी असते. ‘अबॅप क्लाउड’ या मर्यादित भाषारूपात लिहिलेला कोड, बाहेर ‘बीटीपी’ या प्लॅटफॉर्मवर चालणारी वेगळी अॅप्स आणि प्रशिक्षित वापरकर्त्याने पडद्यावरून केलेले छोटे बदल या श्रेणीत बसतात. येथे ‘मारा’ या वस्तूंच्या टेबलातून थेट माहिती वाचता येत नाही. त्यासाठी ‘आय_प्रॉडक्ट’ हा जाहीर केलेला व्ह्यू वापरावा लागतो.

श्रेणी बी : यात ‘क्लासिक’ एपीआय येतात. डेव्हलपर वर्षानुवर्षे वापरत आलेल्या बऱ्याच ‘बापी’ आणि जुन्या विस्तार चौकटी या गटात मोडतात. त्यांना ‘ए’सारखा औपचारिक करार नाही, पण त्यांचे दस्तावेज उपलब्ध आहेत आणि अपग्रेडमध्ये त्या सहसा टिकतात. सार्वजनिक क्लाउडमध्ये मात्र त्या चालत नाहीत.

श्रेणी सी : जे ना खुले केलेले, ना ‘क्लासिक’ यादीत, ना ‘वापरू नये’ यादीत, असे ‘सॅप’चे अंतर्गत फंक्शन, क्लास किंवा टेबल वापरणारा कोड. तो आज नीट चालतो, पण त्या वस्तू कंपनीने स्वतःच्या वापरासाठी बनवलेल्या आहेत. उद्या त्या बदलल्या तर विचारून बदलणार नाहीत. अशा बदलांची नोंदवही, म्हणजे ‘चेंजलॉग’, कंपनी उपलब्ध करून देते. अपग्रेडच्या आधी तो तपासणे ही मात्र ग्राहकाची जबाबदारी.

श्रेणी डी : मूळ कोडमध्ये केलेले फेरफार, ‘सॅप’च्या टेबलांत थेट लिहिणे, ‘इम्प्लिसिट एन्हान्समेंट’मधून गाभ्यात घुसवलेला कोड आणि कंपनीने ‘वापरू नये’ असे स्पष्ट म्हटलेल्या वस्तूंचा वापर. फेरफार केलेल्यांना प्रत्येक अपग्रेडच्या वेळी ‘एसपीडीडी’ आणि ‘एसपीएयू’ या दोन याद्या उघडून, कोणता बदल ठेवायचा आणि कोणता सोडायचा हे एकेक करून ठरवावे लागते. ज्यांनी ते काम केले आहे, त्यांना ‘डी’चा अर्थ वेगळा सांगायला नको.

प्रत्यक्षात फरक कसा पडतो?

समजा, एका कारखान्याला वजनकाट्यावरचा आकडा थेट ‘सॅप’मध्ये घेऊन मालाची आवक नोंदवायची आहे. मागणी एकच, पण ती चारही श्रेणींत पूर्ण करता येते.

पहिला मार्ग म्हणजे मालाच्या हालचालींसाठी खुली केलेली एपीआय वापरणे. आत कोणते टेबल आहे, याच्याशी आपला संबंध उरत नाही. ही झाली ‘ए’. दुसरा मार्ग, याच कामाची जुनी ‘बापी’ वापरणे. ती जुन्या प्रणालीतही चालत होती आणि नव्यातही चालते. ही ‘बी’. तिसरा मार्ग, ‘बापी’च्या पोटात चालणारे अंतर्गत फंक्शन शोधून त्यालाच हाक मारणे. त्यात कधी वेग मिळतो, कधी हवी ती एखादी जादा बाजू सापडते. पण त्या फंक्शनचे मापदंड पुढच्या आवृत्तीत बदलले तर नोंदी थांबतात. ही ‘सी’.

चौथा मार्ग, ‘एमएसईजी’ टेबलात थेट ओळ घालणे. हे जुन्या प्रणालीतही चुकीचेच होते, कारण अशाने साठ्याचा आकडा आणि जमाखर्चाची नोंद आपोआप होत नाही. नव्या प्रणालीत तर गंमत आणखी गंभीर होते. तेथे ‘एमएसईजी’ वाचायला गेले की मागच्या मागे ‘मॅटडॉक’मधील माहिती मिळते, लिहायला गेले तर ओळ जुन्या टेबलातच पडते. प्रोग्राम कोणतीही त्रुटी दाखवत नाही. ओळ लिहिली गेली, पण ती कोणत्याही अहवालात दिसत नाही. हा घोळ डेव्हलपरला दिसत नाही, तो महिनाअखेरीस साठा जुळवणाऱ्या स्टोअरकीपरला आणि हिशेब बंद करणाऱ्या लेखापालाला दिसतो.

श्रेणी ठरवते कोण?

‘अबॅप टेस्ट कॉकपिट’, म्हणजे ‘एटीसी’ हे तपासणीचे साधन. कोणती वस्तू खुली, कोणती ‘क्लासिक’ आणि कोणती वर्ज्य, याची यादी कंपनी ‘क्लाउडिफिकेशन रिपॉझिटरी’ या नावाने गिटहबवर ठेवते. ‘एटीसी’ आपला कोड या यादीशी ताडून पाहते. ‘ए’ला काही शेरा नाही, ‘बी’ला माहितीवजा टीप, ‘सी’ला इशारा आणि ‘डी’ला त्रुटी, असा त्याचा क्रम आहे. बदल पुढच्या सर्व्हरवर पाठवताना ही तपासणी सक्तीची करता येते आणि त्रुटी असेल तर तो बदल अडवताही येतो. अपरिहार्य असेल तेव्हा सूट मागता येते. ती कोणी मंजूर केली आणि किती काळासाठी, याची नोंद राहते.

या साधनाच्या मर्यादाही लक्षात ठेवायला हव्यात. ते कोड चालवून पाहत नाही, वाचून पाहते. टेबलाचे नाव थेट न लिहिता प्रोग्राम चालताना एखाद्या चलात भरले, तर तपासणीला ते सहज दिसत नाही. म्हणजे ठरवले तर ‘डी’चा कोड तपासणीतून सोडवता येतो. तसे करणाऱ्याने अहवाल स्वच्छ केला, गाभा नाही.

आधीच्या तीन स्तरांचे काय झाले?

२०२२ पासून कंपनी तीन स्तरांची भाषा बोलत होती. पहिल्या स्तरात ‘अबॅप क्लाउड’, दुसऱ्यात खुल्या नसलेल्या एपीआयभोवती लिहिलेली आवरणे आणि तिसऱ्यात उरलेला सगळा जुना कोड. अडचण तिसऱ्या स्तराची होती. एखादी सुस्थितीतली ‘बापी’ वापरणारा साधा अहवाल आणि मूळ कोड फोडणारा फेरफार हे दोन्ही एकाच टोपलीत पडत. ज्यांच्याकडे वीस वर्षांचा कोड आहे त्यांना ‘तुमचे सगळेच तिसऱ्या स्तरात’ एवढेच उत्तर मिळे आणि त्यातून कामाचा क्रम ठरत नसे. दुसऱ्या स्तरासाठी केवळ नियम पाळायचा म्हणून आवरणांचा ढीग लिहावा लागे, तो वेगळाच.

चार श्रेणींनी ही टोपली निवडून वेगळी केली. ‘बी’ला बरीचशी मान्यता मिळाली, ‘सी’ला नजरेखाली ठेवायचे आणि ‘डी’ला आधी हात घालायचा, असा क्रम आता दिसतो. नव्या पद्धतीचा खरा फायदा हाच आहे.

‘ए’ मिळाला म्हणजे कोड चांगला का?

नाही. आणि याच ठिकाणी गल्लत होण्याची भीती सर्वाधिक आहे. ही अक्षरे कोड गाभ्यावर किती आणि कशा प्रकारे अवलंबून आहे, एवढेच मोजतात. कोड बरोबर आहे का, वेगवान आहे का, सुरक्षित आहे का, हे ती सांगत नाहीत.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कराचे दर बदलले. १२ आणि २८ टक्क्यांच्या टप्प्यांतील बहुतेक वस्तू ५ आणि १८ टक्क्यांत आल्या. ज्याने प्रोग्राममध्ये ‘२८’ हा आकडा थेट लिहून ठेवला होता, त्याचा कोड त्या दिवशी चुकला. तो कोड फक्त खुल्या एपीआय वापरत असता, म्हणजे ‘ए’ श्रेणीत असता, तरीही चुकलाच असता. उलट दर टेबलातून वाचणारा, ‘बी’ श्रेणीतील जुना प्रोग्राम बिनबोभाट चालला असता. कोणाला काय पाहता येईल याची परवानगी न तपासणारा किंवा हजार ओळींसाठी डेटाबेसला हजार वेळा हाक मारणारा कोडही ‘ए’ असू शकतो. त्यामुळे श्रेणीचा तक्ता हिरवा झाला की काम झाले, असे समजून चाचण्या आणि कोडचे परीक्षण सैल सोडणे महागात पडेल.

मग सगळेच ‘ए’ करायचे का?

सार्वजनिक क्लाउड आवृत्तीत पर्यायच नाही. तेथे फक्त ‘ए’ चालते. खासगी क्लाउडमध्ये किंवा स्वतःच्या सर्व्हरवर चारही श्रेणी तांत्रिकदृष्ट्या शक्य आहेत. म्हणून तेथे निर्णय घ्यावा लागतो.

सगळा जुना कोड ‘ए’त आणण्याचा हट्ट धरला तर प्रचंड खर्च होईल आणि वापरकर्त्याला नवे काहीच मिळणार नाही. त्याआधी सोपा प्रश्न विचारावा : हा प्रोग्राम कोणी वापरते का? ‘एससीएमओएन’ आणि ‘एसयूएसजी’ या साधनांनी प्रत्यक्ष वापराची नोंद गोळा करता येते. ती किमान एक वार्षिक हिशेब बंद होईपर्यंत चालू ठेवावी, नाहीतर वर्षातून एकदाच लागणारा प्रोग्राम निरुपयोगी ठरेल. जो कोड कोणीच वापरत नाही तो काढून टाकणे हा सगळ्यात स्वस्त सुधार आहे. त्यानंतर ‘डी’चा क्रमांक, त्यातही टेबलात थेट लिहिणाऱ्यांचा पहिला. ‘सी’मधील कोडपैकी ज्यावर बिल, पगार किंवा कर अवलंबून आहे तो आधी. ‘बी’ला शांतपणे राहू द्यावे. आणि नवा कोड मात्र पहिल्या ओळीपासून ‘ए’त लिहावा, कारण तेथे जुन्याचे ओझे नाही.

यात कंपनीचा स्वार्थ नाही का?

आहे, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. ‘सॅप’ला ग्राहक वर्गणीवर चालणाऱ्या क्लाउडमध्ये हवे आहेत. तेथे सर्वांना एकाच वेळी अपग्रेड देता यावे, यासाठी गाभा सर्वांचा सारखा असणे तिच्या फायद्याचे आहे. मूळ कोड उघडा ठेवून ‘हवे ते बदला’ हे स्वातंत्र्य याच कंपनीने दिले होते आणि त्यावर ती मोठीही झाली. आता त्याच बदलांना ‘डी’ देताना खर्च मात्र ग्राहकाच्या खात्यात पडतो.

दुसरा मुद्दा अधिक व्यावहारिक आहे. व्यवसायाच्या प्रत्येक कामासाठी खुली एपीआय आजही उपलब्ध नाही. जेथे दारच ठेवलेले नाही तेथे खिडकीतून गेल्याचा दोष डेव्हलपरचा कसा? अशा वेळी ‘सी’ हा त्याचा आळस नसून उत्पादनातील उणीव असते. म्हणून ग्राहकांनी या श्रेणींचा वापर दोन्ही बाजूंनी करावा. आपल्या ‘सी’ कोडची यादी करून कोणत्या एपीआय नाहीत हे कंपनीपुढे लेखी मांडावे. श्रेणी हे नुसते ग्राहकाचे प्रगतिपुस्तक राहू नये.

येथील डेव्हलपरने काय करावे?

आपल्याकडचे बरेचसे ‘अबॅप’ काम परदेशी किंवा देशी ग्राहकासाठी सेवा म्हणून होते. त्याचे मोजमाप बंद केलेल्या तक्रारींवर आणि लागलेल्या तासांवर असते. रात्री अकराला महिनाअखेरीची तक्रार आली की टेबलात थेट दुरुस्ती करणारा दोन तासांत मोकळा होतो. नीट मार्ग शोधणाऱ्याला दोन दिवस लागतात. कौतुक पहिल्याचे होते. तीन वर्षांनी अपग्रेडमध्ये तो कोड मोडतो, तेव्हा लिहिणारा दुसऱ्या कंपनीत असतो, मंजुरी देणारा व्यवस्थापकही बदललेला असतो आणि निस्तरायला नुकताच रुजू झालेला मुलगा किंवा मुलगी बसते. कोडच्या या कर्जाला आजवर नाव नव्हते, म्हणून ते कोणाच्याच नावावर चढत नव्हते. श्रेणीमुळे निदान ते लिहून ठेवण्याची सोय झाली आहे.

तिचा उपयोग डेव्हलपरने स्वतःच्या संरक्षणासाठी करायला हरकत नाही. अंदाजपत्रक देताना एकाच मागणीचे दोन आकडे द्यावेत : ‘ए’ किंवा ‘बी’ने इतके दिवस, ‘डी’ने इतके दिवस आणि शिवाय प्रत्येक अपग्रेडला पुन्हा तपासणी. निवड ग्राहकाने करावी आणि ती लेखी असावी. सूट घेतलीच तर कारण, मंजूर करणारा आणि संपण्याची तारीख या तिन्ही गोष्टी नोंदवाव्यात. ‘तातडीचे’ एवढे एकच कारण पुरेसे मानू नये.

शिकण्याच्या अंगानेही बदल आहे. ‘एसई३८’ उघडून अहवाल लिहिणे आणि पडद्यावर यादी दाखवणे, एवढ्यावर आता भागणार नाही. एक्लिप्समधील विकास साधने, ‘सीडीएस’ व्ह्यू, ‘रॅप’ ही नवी रचनापद्धत आणि आपोआप चालणाऱ्या चाचण्या या गोष्टी ‘ए’ श्रेणीतील कामासाठी लागतातच. मात्र जुने ज्ञान वाया जात नाही. ‘एमएसईजी’मध्ये काय असते आणि ‘बापी’च्या पोटात काय चालते, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ‘डी’मधला प्रोग्राम न मोडता ‘ए’त आणता येतो. दोन पिढ्यांना एकमेकांची गरज पडणार आहे.

व्यवस्थापनांनी मात्र एक मोह टाळावा. ‘या तिमाहीत ‘ए’चे प्रमाण इतके टक्के’ असे लक्ष्य ठेवून त्यावर टीमचे मूल्यांकन सुरू केले, तर आकडे सुधारतील आणि कोड तसाच राहील. बिनकामाची आवरणे वाढतील, नावे चलांमध्ये लपतील आणि सोपे प्रोग्राम आधी सुधारून अवघड मागे ठेवले जातील. त्यापेक्षा शेवटच्या अपग्रेडला किती दिवस लागले आणि पुढच्याला किती लागतील, हा एकच प्रश्न विचारावा. ते दिवस कमी होत असतील तर गाभा स्वच्छ होत आहे. होत नसतील, तर तक्त्यात कितीही ‘ए’ असले तरी त्यांचा उपयोग नाही.